वही मीट आणि म्हण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर मार्च महिन्यात रात्री दोनपर्यंत दिवा जळत असे. शेजारणी प्रस्तुत लेखकाच्या आईला म्हणत, "मुलगा फार मेहनती आहे हो!" मेहनत खोटी नव्हती. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची भौतिकशास्त्राची वही त्याने पाच वेळा वाचली होती. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करता करता बिनमहत्त्वाची ओळच उरली नव्हती.

परीक्षेत थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमावर प्रश्न आला. उत्तर डाव्या पानावर होतं, खाली कार्नो इंजिनाची आकृती होती, कोपऱ्यात चहाचा डाग होता, हे सगळं लख्ख आठवलं. उत्तर तेवढं आठवलं नाही.

निकाल लागला : सप्लिमेंटरी.

त्या उन्हाळ्यात वाड्याच्या खालच्या बिऱ्हाडात गाण्याची शिकवणी चाले. ग्वाल्हेरात याचं नवल नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथेच वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे गांधर्व विद्यालय काढलं. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत विद्यालय सुरू झालं. भातखंड्यांनी तर शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. तरी शिकवणीतला जुना रिवाज काही सुटला नाही.

एका दुपारी तो खालून ऐकू आला.

"काका, यमनची बंदिश पाठ झाली."

"झाली ना? मग वही मीट आणि म्हण."

मुलीने स्थायी म्हटली, पण अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला ती अडली. वही उघडू लागली तर काकांचा आवाज : "थांब. आठव." बराच वेळ नुसता तंबोरा. मग ओळ आली, जराशी चुकतच. काकांनी ती सुधारली आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पहिली तीच म्हणायला लावली.

माडीवरच्या सप्लिमेंटरीवाल्याला आपलं कुठे चुकलं ते तेव्हा उमगलं. त्याने वही पाच वेळा वाचली होती, मिटली एकदाही नव्हती.

काकांच्या रिवाजाला प्रयोगशाळेचाही दुजोरा आहे. शिकलेलं किती वेगाने निसटतं, हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. गंमत म्हणजे, आपल्याला नीट आठवेल हा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. माडीवरचा दिवा त्याच भरवशावर जळत होता.

सप्लिमेंटरीच्या तयारीसाठी लेखकाने पिवळा पेन बाजूला ठेवला. एक प्रकरण एकदा लक्ष देऊन वाचायचं, वही मिटायची, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. मग वही उघडून राहिलेलं लाल शाईने भरायचं. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कोरा कागद. जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या रात्रीसाठी राखून न ठेवता पहिल्या आठवड्यापासून घड्याळ लावून सोडवायच्या. रोज दीड-दोन तास पुरत, कारण झोप मोडून पान डोळ्यांखालून घालण्याची गरज उरली नव्हती. ज्याला हे करून पाहायचं असेल, त्याने सत्राच्या पहिल्याच आठवड्यात एका विषयापासून सुरुवात करावी. परीक्षेच्या तोंडावर कोरा कागद घाबरवतो आणि हात पुन्हा वहीकडे जातो.

सुरुवातीला लेखकाचंही तेच होत होतं. दुसऱ्या नियमाच्या प्रकरणातले मुख्य मुद्दे बारा; पहिल्या दिवशी कागदावर उतरले चार, बाकी सगळं लाल. तो कागद त्याने वहीतच जपून ठेवला आणि आठवड्याने नवा घेतला. त्यावर लाल ओळी तीन होत्या.