हृदयाचे ठोके आणि वायरची गोष्ट

हॉस्टेलची लाईट गेली की आपण फार तर आरडाओरडा करतो. पण त्याच लाईटवर एखाद्याचे हृदय चालत असेल तर?

ठोक्यांसाठी लागणारा विजेचा सिग्नल हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात तयार होतो. तो खालच्या कप्प्यांपर्यंत पोचला नाही तर ठोके फार मंदावतात. मग पेसमेकर हा सिग्नल कृत्रिमरीत्या देतो. पूर्वी पेसमेकर म्हणजे टेबलावरचा मोठा डबा, आणि त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये!

31 ऑक्टोबर 1957 ला अमेरिकेत मिनियापोलिसची वीज गेली आणि अशा डब्यावरच्या लहान मुलांचा जीव धोक्यात आला. डॉ. लिलेहाय यांनी अर्ल बाकेन या इंजिनीअरला बॅटरीवरचे यंत्र मागितले. बाकेनने एका मासिकात छापलेले मेट्रोनोमचे, म्हणजे ताल मोजणाऱ्या यंत्राचे, ट्रान्झिस्टर सर्किट घेतले आणि चार आठवड्यांत अंगावर बाळगता येणारा पेसमेकर तयार! भिंतीची वायर गेली.

तरी कातडीतून आत जाणारी वायर होतीच, आणि तिथून इन्फेक्शन व्हायचे. 1958 मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरातच पेसमेकर बसवला. तो काही तासच चालला. पण लार्सन पुढे वीसहून जास्त पेसमेकर बदलत 2001 पर्यंत जगले!

आता उरली छातीपासून हृदयापर्यंतची आतली वायर. मिनिटाला 72 ठोके धरले तर ती दिवसात लाखभर वेळा वाकते. मेकॅनिकलवाल्यांना फटीग म्हणजे काय हे सांगायला नकोच. 2016 साली अमेरिकेत कॅप्सूलएवढा, सुमारे 2 ग्रॅमचा बिनवायरचा पेसमेकर मंजूर झाला. पायाच्या शिरेतून नेऊन तो थेट हृदयात बसवतात. पण तो सगळ्याच पेशंटना चालत नाही, आणि बॅटरी संपली की जुना काढणेही सोपे नसते.

मग मनगटावरच्या घड्याळाचे काय? 2018 पासून काही घड्याळे ईसीजी काढतात. ठोक्यांची अनियमितता ती दाखवू शकतात, पण ठोका देऊ शकत नाहीत. हार्ट अटॅकही त्यांना ओळखता येत नाही. म्हणून छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडलात, तर घड्याळात काहीही दिसो, सरळ डॉक्टर गाठा.

भिंतीची, कातडीतली, आतली अशा तीन वायरी गेल्या. बॅटरीचा प्रश्न मात्र अजून बाकी आहे. फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय शोधताय ना?