खंड्याच्या घरात मांजर आणण्याआधी

पानशेत,
भाद्रपद

चि. सोनूस,


मनीच्या पिल्लांपैकी एक तुझ्यासाठी राखून ठेवावं असं तू म्हणालीस. ठेवतो. करड्या पाठीचं, शांत डोळ्यांचं एक आहे, ते तुझ्यासाठी मनात धरलंय. पण फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. जनावरांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढली. तिथे गाई-म्हशींबरोबर मधूनमधून कुत्री-मांजरं यायची, आणि त्यातली कितीतरी घरच्यांना एखादी साधी गोष्ट ठाऊक नव्हती म्हणून आलेली असायची. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

आपल्याकडे कुत्रं आणि मांजर पिढ्यान्‌पिढ्या एका घरात राहिली, मग फ्लॅटमध्ये का राहू नयेत, असं तू विचारलंस. राहिली हे खरं. पण कशी राहिली ते आठव. कुत्र्याला उंबऱ्याच्या आत पाय टाकायची मुभा नव्हती. त्याची जागा ओट्यावर, पावसाळ्यात पडवीत नाहीतर गोठ्याच्या तोंडाशी. मांजर चुलीपाशी, कणगीमागे, माळ्यावर. कुत्रं अंगावर धावलं तर दोन उड्यांत मांजर आढ्यावर. धरणाच्या पाण्याखाली, तानाजीसागरात गेलेल्या आपल्या जुन्या घरात असंच होतं आणि त्यानंतर बांधलेल्या या घरातही तसंच आहे. दोघांना कुणी काही शिकवलं नाही, घराच्या बांधणीनेच त्यांच्यात अंतर ठेवलं. तुझ्या धायरीच्या दोन खोल्यांत उंबरा नाही, माळा नाही, आणि तुझा कुत्रा खंड्या तर तुझ्या पायाशी पलंगावर झोपतो. जे अंतर आम्हाला घराने दिलं ते तुला हाताने तयार करावं लागेल. ते जमणार असेल तरच मांजर आण.

आधी खंड्याचं बघू. कुत्रं मांजराला त्रास देणार का, हे त्याच्या प्रेमळपणावरून कळत नाही. माणसांत अतिशय गरीब असलेलं कुत्रं खार दिसली की वेगळंच होतं. पळणाऱ्या लहान जनावरामागे जाणं काही कुत्र्यांच्या रक्तात फार असतं. कारवान कुत्रा तर सशामागे धावण्यासाठीच तयार झालेली जात. तुझ्याकडे तो असता तर मी पिल्लू दिलं नसतं, साफ नाही म्हटलं असतं. खंड्या आपल्या गावचा गावठी आहे. मे महिन्यात तू आली होतीस तेव्हा तो शेजारच्या कोंबड्यांवर सुटला, पण तुझी हाक ऐकून मध्येच थांबला आणि त्याने मागे वळून तुझ्याकडे बघितलं. ते मागे वळून बघणं मला मोलाचं वाटलं. अंग ताठ, तोंड बंद, नजर एका जागी खिळलेली, हाक मारली तरी कान हलत नाही, नाकाशी चिकनचा तुकडा धरला तरी घेत नाही, असं होत असतं तर गोष्ट वेगळी होती.

दिवाळीपर्यंत त्याला दोन गोष्टी पक्क्या शिकव. एक म्हणजे आपल्या चटईवर जाऊन बसणं आणि सांगेपर्यंत तिथेच राहणं. दुसरी म्हणजे ‘सोड’ म्हटल्यावर जे काही करत असेल ते सोडून तुझ्याकडे येणं. रोज थोडा वेळ, खाऊ देऊन. ओरडून शिकवू नकोस. मांजर दिसलं की आपल्याला ओरडा बसतो असं त्याच्या मनात बसलं, तर तो मांजराचाच राग धरेल. आणि त्याच्या अंगाखालचं एखादं जुनं फडकं न धुता पाठवून दे. ते पिल्लांच्या टोपलीत घालतो, म्हणजे वासाची ओळख आधीच होईल. पिल्लं बघायला त्याला मात्र इकडे आणू नकोस. पिल्लांवर असलेली मांजरी कुत्र्याच्या थेट डोळ्यांवर झेप घेते.

पिल्लाचंही नशीब बरं आहे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत मांजराच्या पिल्लाला जे जे भेटतं, ते पुढे त्याला आपलं वाटतं. आपला मोत्या ओट्यावर पडलेला असतो आणि ही पिल्लं त्याच्या शेपटीजवळून जातात, तो डोळाही उघडत नाही. त्यामुळे कुत्रं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. बारा आठवड्यांच्या आत मी पिल्लू आईपासून तोडणार नाही. पंजा किती जोरात मारायचा आणि चावा कुठे थांबवायचा हे ते आई-भावंडांकडूनच शिकतं. शिवाय दिवाळीच्या फटाक्यांत नवं घर, नवं कुत्रं असं सगळं एकदम त्याच्यावर टाकायचं नाही. फटाके संपले की ने.

तुझ्या मैत्रिणीला कुणी रानात सापडलेलं ठिपक्यांचं पिल्लू देतो म्हणालंय, तेही तू सांगितलंस. तिला आजच फोन कर. आपल्या डोंगरांत आणि उसाच्या फडांत वाघाटी असते, रानमांजर असतं. वाघाटी पूर्ण वाढली तरी सव्वा-दीड किलोच्या आसपास, जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांपैकी एक. तिचं पिल्लू घरच्या मांजरासारखंच दिसतं. आई भक्ष्याला गेलेली असते, लोकांना वाटतं पिल्लू बेवारस आहे. ते होतं तिथेच ठेवलं तर रात्री आई येऊन घेऊन जाते. जुन्नरकडे ऊसतोडीत सापडलेली अशी पिल्लं वनखात्याने कित्येकदा आईला मिळवून दिली आहेत. वाघाटीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत ठेवलंय. ती पाळता येत नाही, आणि कायदा नसता तरी पाळू नये. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवायला सांग.

आता तुझं घर. लहान खोली मांजराची. तिच्या दाराला असं फाटक बसवून घे की मांजर खालून किंवा वरून जाईल पण खंड्या जाणार नाही. भिंतीवर छातीच्या उंचीपासून वर दोन-तीन रुंद फळ्या ठोकून घे. शेवटची कपाटाच्या माथ्यावर निघावी, आणि तिथून उतरायला दुसरी वाटही असावी. एकच वाट असली तर खंड्या खाली बसून राहील आणि मांजर वर कोंडलं जाईल. हाच तुझा माळा. खाणं-पाणीही वरच. कुत्र्यांना मांजराच्या विष्ठेचीही चटक असते, म्हणून मातीचा ट्रे खंड्याचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी ठेव. पण अडचणीत, कोपऱ्यात कोंबू नकोस. ट्रेमधून बाहेर पडताना कुत्रं वाटेत उभं आहे असं दोन-चारदा झालं की मांजर ट्रे सोडतं. मग ते गादीवर करतं, किंवा लघवी दाबून ठेवतं.

लघवीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हे पिल्लू बोका आहे. बोक्याची मूत्रनळी अरुंद, त्यात ताणाने मूत्राशयाला सूज येते आणि नळी बुजते. तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, ओरडतोय, पण माती कोरडीच आहे असं दिसलं, तर बद्धकोष्ठ असेल म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात ने. एक-दोन दिवसांत जीव जातो.

गॅलरीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आहे ना? ती पुरणार नाही, मांजर ती दातांनी तोडतं. तारेची बारीक जाळी लावून घे. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं असं लोक म्हणतात. न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला होता. उपचार झालेल्यांतली ९० टक्के जगली, एवढंच लोक लक्षात ठेवतात. जी खाली पडून जागीच मेली ती दवाखान्यात आलीच नव्हती, आणि जगलेल्यांत छाती चेपलेली, जबडा फुटलेली, पाय मोडलेली पुष्कळ होती. तुझा मजला चौथा.

बाहेर सोडायचं का, याचं उत्तर नाही असंच आहे. इथे मनी मोकळी फिरते, पण बिबट्याने आणि रस्त्यावरच्या गाड्यांनी आमची किती मांजरं नेली ते तुला ठाऊक आहे. तुझ्याकडे सिंहगड रस्ता आहे आणि भटक्या कुत्र्यांची टोळी आहे. शिवाय खंड्याच्या सहवासात वाढलेलं मांजर परक्या कुत्र्याला बघून पळत नाही, हा धोका कुत्र्याच्या घरातल्या मांजराला जास्त असतो.

पहिल्या दिवशी मांजर आणलं की थेट त्याच्या खोलीत, दार बंद. खंड्याला दाराखालून हुंगू दे. दोघांची फडकी अदलाबदल कर, दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवायला घाल. मांजर दाराजवळ निवांत खातंय आणि खंड्या दार सोडून आपल्या चटईवर जातोय असं दिसेपर्यंत भेट नाही. मग फाटकातून, खंड्याला पट्टा बांधून, थोडाच वेळ. मांजराला हातात धरून कुत्र्यापुढे कधीही नेऊ नकोस. ते घाबरलं की तुझ्या हातातून, चेहऱ्यावरून चढून जाईल, आणि पळणारं मांजर पहिल्याच भेटीत खंड्याला दिसेल. कुत्रं शेपूट हलवतं ते बहुधा खुशीत, मांजर शेपूट आपटतं ते चिडून. खंड्या पुढचे पाय टेकवून खेळायला बोलावेल, मांजराला ती झडपेची तयारी वाटेल. हे त्यांचं त्यांना कळायला वेळ लागतो. काहींना दोन आठवडे, काहींना काही महिने. तू घरात नसताना दोघं वेगळ्या खोलीत, हा नियम निदान पहिलं वर्षभर मोडू नकोस.

औषधांबद्दल लिहितो ते फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेव. खंड्याच्या गोचिडांसाठी तू मानेवर जे थेंब सोडतेस, त्याच्या डबीवर परमेथ्रिन लिहिलं असेल तर ते औषध घरात ठेवूच नकोस. अंघोळीच्या पाण्यात घालायचं अमिट्राझही नको. कुत्र्याला जे सहज सोसतं ते मांजराचं यकृत मोडून टाकू शकत नाही. एकदा शेजारच्या वाडीतली बाई टॉवेलात गुंडाळून मांजर घेऊन आली. कानांची टोकं फडफडत होती, मिशा थरथरत होत्या, लाळेने टॉवेल भिजला होता आणि मग सगळं अंगच झटके द्यायला लागलं. कुत्र्याला घालून उरलेले चार थेंब तिने मांजराच्या मानेवर सोडले होते, गोचीड तीच म्हणून औषधही तेच. यावर उतारा असं औषध नाही. भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात मान-पाठ धुतली, झटक्यांसाठी सुई दिली, गरम ठेवलं. सकाळी त्याने मान उचलली, म्हणून वाचलं. थेंब कुत्र्याच्या अंगावर ओले असताना मांजर त्याला बिलगून झोपलं तरी हे होऊ शकतं. पशुवैद्याला दोघं एका घरात आहेत असं सांगून, दोघांना चालेल असंच औषध लिहून घे. पिसवांचा इलाजही दोघांचा एकाच वेळी, कारण कुत्र्याच्या अंगावर असते तीही बहुतेकदा मांजराचीच पिसू.

तापाची पॅरासिटामॉल मांजराला अर्धी गोळीसुद्धा घातक आहे. लिलीची फुलं कुणी भेट दिली तर दाराबाहेरच ठेव. परागकण चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड जातं.

खाण्यात काटकसर करू नकोस. खंड्याच्या डब्यातलं मांजराला चालत नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळावं लागतं, त्याचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. ते कमी पडलं की हृदय सैल पडतं आणि नजर जाते. हृदयाचं हे कारण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ मध्येच दाखवून दिलं. दूध-चपातीवर आमची मांजरं जगली ती उंदीर मारून जगली.

पहिली लस आठव्या आठवड्यात मी इथेच टोचून घेतो, पुढच्या तू दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत घे, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. खंड्याचं रेबीजचं बूस्टर राहिलंय असं तुझी आई म्हणाली, ते या आठवड्यातच घे. पाच-सहा महिन्यांचा झाला की बोक्याची नसबंदी. महापालिकेत खंड्याची नोंदणी केली आहेस, मांजराचं काय करायचं ते क्षेत्रीय कार्यालयात विचार.

एवढं सगळं करूनही नाही जमलं तर? खंड्या फाटकाशी तासन्‌तास खिळून बसतोय, खात नाही, किंवा बोका कपाटावरून उतरतच नाही, असं महिनाभरात दिसलं तर मला फोन कर, मी स्वतः येऊन पिल्लू परत घेऊन जाईन. त्यात तुझी हार नाही आणि मला ओझं नाही. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, आणि रस्त्याला तर कधीच सोडू नकोस. धरणाच्या रस्त्यावर रविवारी गाड्या थांबतात आणि पट्टा घातलेली कुत्री उतरवून निघून जातात. ती कुत्री दिवस-दिवस त्याच वळणावर येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत उभी असतात. मी त्यांना भाकरी टाकतो, पण भाकरीसाठी ती थांबलेली नसतात.

खोलीचं माप आणि गॅलरीचा फोटो पाठव. इथला सुतार फळ्या कापून देतो म्हणालाय, सागाच्या जुन्या आहेत, पैसे घेणार नाही. जाळीचं काम झालं की कळव, त्याच्यानंतरचा रविवार ठरवू. येताना कडक प्लास्टिकची पेटी आण, पिशवीत मांजर नेऊ देणार नाही. वहिनींना नमस्कार, खंड्याच्या पाठीवर हात फिरव.

तुझा
काका