प्रादेशिक विषमतेचे मोजमाप : कर्नाटकाचा अनुभव

राज्याची सरासरी उंचावत असली, तरी त्याचे सर्व भाग सारख्याच वेगाने पुढे जातात असे नाही. विकासाच्या लाभांचे न्याय्य वाटप करावयाचे, तर ही तफावत प्रथम मोजावी लागते. बेंगळुरूसारखे माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र आणि ईशान्येकडील अवर्षणप्रवण यादगीर हे दोन्ही ज्या राज्यात आहेत, त्या कर्नाटकाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

कर्नाटक शासनाने २००० साली डॉ. डी. एम. नंजुंडप्पा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. समितीने जून २००२ मध्ये अहवाल सादर केला. जिल्ह्याच्या सरासरीत दुर्बल तालुके झाकले जातात. म्हणून समितीने तालुका हे एकक मानले. ३५ निर्देशकांवरून संयुक्त विकास निर्देशांक काढण्यात आला व राज्याची सरासरी १ धरण्यात आली. १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरले. त्यांतील ३९ अत्यंत मागास होते आणि या ३९ पैकी २१ तत्कालीन गुलबर्गा विभागातील होते.

एका वेळचे चित्र असे मिळते. परंतु कालांतराने विषमता घटली की वाढली, हे ठरविणे अधिक अवघड असते. साक्षरतेचे उदाहरण पाहू. २००१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ६६.६४ टक्के, तर पुढे स्वतंत्र जिल्हा झालेल्या यादगीर क्षेत्राची ३९.९० टक्के होती. २०११ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ७५.३६ व ५१.८३ टक्के झाले. म्हणजे यादगीरची साक्षरता राज्याच्या सरासरीच्या ६० टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर आली, विषमता घटली. आता हीच आकडेवारी निरक्षरतेच्या बाजूने पाहावी. यादगीरमधील निरक्षरतेचे प्रमाण राज्याच्या १.८० पट होते, ते १.९५ पट झाले; विषमता वाढली. दोन्ही निष्कर्ष गणिताच्या दृष्टीने अचूकच आहेत.

हा केवळ गणिती वाद नव्हे. समितीने मागास तालुक्यांसाठी विशेष विकास योजना सुचविली, ती याच निर्देशांकाच्या आधारे. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने हैदराबाद-कर्नाटक विभागासाठी विशेष तरतुदीही झाल्या. अशा उपायांचे फलित तपासताना सोयीचे परिमाण निवडले, तर अपयशही यश भासू शकते. म्हणून निर्देशक व तुलनेची पद्धत आधीच निश्चित करावी. प्रत्यक्ष प्रमाण, सरासरीशी असलेले अंतर आणि वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ही तिन्ही एकत्र मांडावीत. मागे राहिलेल्या तालुक्यांना न्याय मिळण्याची सुरुवात अशा प्रामाणिक मोजमापापासूनच होते.