गाडीचा ब्रेक आणि गंज

कोल्हापूरहून पिकअप गाड्या गूळ, भाजी घेऊन कोकणात जातात. वाटेत गगनबावडा लागतो. तिथे पाऊस फार. पुढे करूळ घाटाचा उतार. घाटात आपला जीव ब्रेकच्या हाती असतो.

ब्रेक कसा लागतो? आपण पायाने पायडल दाबतो. तो दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचतो. हे ऑइल लोखंडी, बारीक नळीत असते. नळी गाडीच्या पोटाखालून जाते.

पावसात तिथे चिखल बसतो. चिखल ओल धरून ठेवतो. ओलीने नळी गंजते, पातळ होते. वरून गाडी चकचकीत दिसते. रोजच्या हलक्या दाबाला नळी टिकते. पण एके दिवशी अचानक म्हैस आडवी येते. आपण जोराने ब्रेक दाबतो. नेमकी तेव्हाच नळी फुटते!

ऑइलही हवेतली ओल शोषून घेते. असे जुने ऑइल उतारावर तापून उकळते. त्याची वाफ होते. मग पायडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही.

म्हणून एवढे करा :

पावसाळ्यात गाडी पोटाखालूनही धुवा.
मेस्त्रीकडून नळ्या तपासून घ्या. गंजलेली नळी बदला.
साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला.
ऑइल कमी झाले तर नुसते भरू नका. कुठे गळते का, ते बघा.
घाट ज्या गियरात चढता, त्याच गियरात उतरा.

ब्रेक गेलाच तर इंजिन बंद करू नका. पायडल भराभर दाबा. एकेक गियर खाली आणा. हँडब्रेक हळूहळू ओढा.

नळी पैशाने मिळते. गेलेला माणूस मिळत नाही.