चौथा बिंदू शोधताना

अगं, आई फोनवर म्हणाली, काल रात्री तू निर्देशक भूमितीची वही मिटून रडत बसलीस. आधी डोळे पूस. दहावीत मीही याच गणितापाशी अडले होते, कारण आकृती न काढता थेट सूत्रात आकडे भरायला बसायचे.

समज, समांतरभुज चौकोन अबकड आहे. अ (२, १), ब (७, २), क (८, ५). ड कुठे? पुस्तकातली रीत तुला येतेच. कर्ण एकमेकांना दुभागतात, म्हणून अक चा मध्यबिंदू (५, ३) तोच बड चाही. त्यावरून ड (३, ४). पेपरात हेच लिही, पायऱ्यांना गुण असतात. मनात मात्र पावलं मोज. ब पासून क ला जायला एक घर उजवीकडे, तीन घरं वर. आता अ पासून तेवढंच चाल. पोचलीस ना (३, ४) ला?

तुला आठवतं, २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला आपण खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो? ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. चौदा मधे दाटीनं, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर, पार लांबपर्यंत. दोन अँटेनांचे संकेत जुळवताना एकीपासून दुसरी किती दूर आणि कोणत्या दिशेला आहे, याचाच हिशेब लागतो. दोन जोड्यांचं अंतर आणि दिशा तंतोतंत सारखी असली, आणि चारही एका रेषेत नसल्या, तर त्या चार अँटेना म्हणजे समांतरभुज चौकोनाचे शिरोबिंदूच की! हे मला फार उशिरा उमगलं. तुझी ती पावलं म्हणजे हेच अंतर आणि हीच दिशा.

आता मी गुण कुठे घालवले ते सांगते. प्रश्नात ‘चौकोन अबकड’ असं लिहिलं असेल, तर क्रम ठरलेला असतो: अ समोर क, ब समोर ड. उत्तर एकच. पण नुसतं ‘समांतरभुज चौकोनाचे तीन शिरोबिंदू’ एवढंच दिलं असेल, तर कोण कोणासमोर हे ठरलेलं नसतं. मग उत्तरं तीन. मी एक लिहून खुशाल पुढे गेले होते. म्हणून बाळा, प्रश्नातलं चौकोनाचं नाव आधी वाच. समोरासमोरच्या दोन बिंदूंची बेरीज करायची, त्यातून तिसरा वजा करायचा. आपल्या बिंदूंसाठी (३, ४), (१, −२) आणि (१३, ६). ते उणे दोन बघून घाबरू नकोस, बिंदू अक्षाखाली गेला, एवढंच.

रविवारी मी घोडेगावला येतेय. तोवर आलेख कागदावर ही तिन्ही उत्तरं मांड आणि एकमेकांना जोड. मोठा त्रिकोण होईल. त्याच्या प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावर कोण बसलंय, ते मी न सांगता तुला दिसायला हवं. कागद जपून ठेव, आल्यावर पहिल्यांदा तोच बघणार आहे.