गर्भपिशवी काढली, तरी दुखणं परत का येतं?

पाळीत ओटीपोट असह्य दुखायचं म्हणून गर्भपिशवी काढली. काही महिने बरे गेले आणि पुन्हा तेच दुखणं सुरू झालं. "आता पिशवीच नाही, मग दुखतं काय?" असं घरचे विचारतात आणि बाई गप्प बसते. पण तिचं दुखणं खरं असतं. एंडोमेट्रिओसिस हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते: अंडाशयावर, नळ्यांवर, आतडं आणि गर्भाशय यांच्या मधल्या जागेत, कधी सिझेरियनच्या व्रणातही. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन तिला पोसतं. पाळीत, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला जाताना दुखणं आणि मूल न राहणं ही याची लक्षणं. प्रजननाच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. त्याचं मूळ ठाणं गर्भाशयाबाहेर आहे, म्हणून केवळ पिशवी काढून तो संपेलच असं नाही.

बीड जिल्ह्यात हे ठासून सांगायला हवं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे जवळपास दर सहा जणींत एक. या सगळ्यांना एंडोमेट्रिओसिस नव्हता. पण ज्यांना होता, त्यांच्या पोटातला आजार शोधला गेला का, हा प्रश्न उरतोच.

आजार कशामुळे परततो?

एंडोमेट्रिओसिसचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत साधारण पाचपैकी एकीला आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांना हा आजार पुन्हा त्रास देतो. हा धोका सगळ्यांना सारखा नसतो.

पहिली गोष्ट म्हणजे आत काय राहिलं. आजार आतड्यापर्यंत खोल गेला असेल किंवा अवयव एकमेकांना चिकटले असतील, तर सगळा भाग काढणं अवघड होतं. अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ (चॉकलेट सिस्ट) असेल आणि तिच्यातलं पाणी नुसतं काढलं, तर ती लवकर परत भरते. आवरणासकट काढल्यास ती परतण्याची शक्यता कमी होते.

दुसरी गोष्ट वय. कमी वयात शस्त्रक्रिया झाली, तर पुढे अनेक वर्षं अंडाशय इस्ट्रोजेन तयार करत राहतं. १९९५ च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात गर्भाशय काढून अंडाशय ठेवलेल्या ६२ टक्के स्त्रियांचं दुखणं परतलं. दोन्ही अंडाशयं काढलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. म्हणून सरसकट अंडाशयं काढा, असा याचा अर्थ नाही. ती पंचेचाळिशीच्या आत गेली, तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मोळ्या उचलणाऱ्या बाईला ठिसूळ हाडं परवडणारी नाहीत. तरुणपणी दोन्ही अंडाशयं काढली गेली असतील, तर हार्मोनच्या उपचाराबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे: शस्त्रक्रियेनंतरची औषधं. पिशवी ठेवून शस्त्रक्रिया झाली असेल आणि लगेच मूल नको असेल, तर गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची तांबी किमान १८ ते २४ महिने वापरल्यास पाळीतलं दुखणं परतण्याची शक्यता कमी होते. डायनोजेस्टची गोळीही दिली जाते. साधी तांबी मात्र वेगळी. तिने रक्तस्राव आणि दुखणं वाढू शकतं. रक्तदाब, अर्धशिशी किंवा पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल, तर गोळ्या सुरू करण्याआधीच सांगा.

काय करावं?

कारखान्याला निघण्याआधी तपासणी करून घ्या. फडावर गेल्यावर खाडा पडेल या भीतीने दवाखाना मागे पडतो. हंगाम पुरेल इतकी औषधं सोबत न्या. ती मधेच बंद केली, तर आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो.

ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. अंडाशयं ठेवली की काढली, आजार कुठे होता, काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल काय आला, हे त्यावर असतं. कागद हरवले असतील, तर त्या दवाखान्यात नक्कल मागा.

सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते, पण आजाराचे लहान ठिपके दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दाखवा. जंतुसंसर्ग, मूतखडा, आतड्यांची चिकटण अशी इतर कारणंही तिथे तपासता येतील. अचानक तीव्र वेदना झाल्या, ताप आला किंवा पिशवी काढल्यानंतरही अंगावरून रक्त जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि कुणी "पिशवी खराब झालीय, काढून टाका" म्हटलं, तर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. मला नेमका कोणता आजार आहे? औषधाने तो आटोक्यात येईल का? अंडाशयांचं काय करणार? समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे. २०१९ नंतर जिल्ह्यात या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, ती तुमच्याच रक्षणासाठी.