जॅकेट धक्क्यावरच घालायचं

भाच्या, तू फायबरची होडी घेतलीस, मागे नाइन पॉइंट नाइन हॉर्सपॉवरचं इंजिन लावलंस आणि आता सुट्टीच्या दिवशी पुण्याचे मित्र, त्यांची बायका-मुलं घेऊन खाडीत उतरणार आहेस, हे ऐकून बरं वाटलं. घरात पुन्हा होडी आली. इंजिन चालवायला तू आठवड्यात शिकशील, सुकाणू धरणंही हाताला सवयीचं होईल. पण बसलेली माणसं तेवढीच्या तेवढी परत धक्क्याला आणायची कशी, हे कुणीतरी सांगावं लागतं. मला वडिलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या चुलत्यांनी. तेव्हा जॅकेटं नव्हती, रिकामे भोपळे आणि डबे होते. तरी सांगण्याचा गाभा तोच होता.

पहिली गोष्ट आणि सर्वांत मोठी. जॅकेट होडीत असणं म्हणजे काहीच नाही. ते अंगावर असलं पाहिजे, पट्टे आवळलेले, बकल लागलेलं, आणि तेही होडीत पाय टाकायच्या आधी, धक्क्यावर. ‘खाडी ओलांडली की घालू’, ‘वारा सुटला की घालू’ हे चालवून घेऊ नकोस. होडी उलटते ती सांगून उलटत नाही. माणूस अचानक पाण्यात पडला की पहिल्याच क्षणी जोरात श्वास ओढतो, आणि तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच ओढतो. दोन्ही हात पाणी मारण्यात गुंतून जातात. त्या हातांनी कोणी बकल लावत नाही. फळीखाली दोरीने बांधून ठेवलेलं जॅकेट तर उलट्या होडीखालीच अडकून राहतं.

अलीकडचीच उदाहरणं घे. ७ मे २०२३, केरळातलं तानूर. संध्याकाळच्या अंधारात पर्यटकांची दुमजली बोट उलटली, २२ माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. १८ जानेवारी २०२४, बडोद्याचा हरणी तलाव. शाळेची सहल, होडीत पुन्हा जास्त माणसं, बहुतेक मुलांच्या अंगात जॅकेट नाही. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव होता रे तो, समुद्र नव्हता. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. दुपारचे चार वाजत आले होते, लख्ख उजेड होता आणि मुंबई बंदरात चहूकडे बोटी होत्या. तरी १५ जीव गेले. त्यात तर प्रवाशांची काहीच चूक नव्हती, धडक दुसऱ्याने दिली. म्हणून सांगतो, तू कितीही जपून होडी चालवलीस तरी जॅकेट लागतंच, कारण पाण्यात तू एकटा नसतोस.

अमेरिकेचं तटरक्षक दल हौसेने होडी चालवणाऱ्यांच्या अपघातांचा हिशेब दरवर्षी छापतं. २०२३ च्या हिशेबात मरण पावलेल्यांतले तीन चतुर्थांश बुडून गेले, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांची जॅकेटची नोंद मिळाली त्यांत शंभरातल्या ८७ जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तिथे होड्या नव्या, इंजिनं उत्तम, सामान भरपूर. तरी हे असं.

‘मला पोहता येतं’ म्हणणारा एक तरी मित्र तुझ्या होडीत असेलच. त्याला सांग, डोक्याला होडीची कड लागली की पोहणं संपतं. तलावातलं पोहणं निराळं आणि ओहोटीच्या ओढीत, कपड्यांसकट, घाबरलेलं मूल गळ्यात असताना पोहणं निराळं. तरीही तो ऐकत नसेल तर त्याला धक्क्यावर बसव. होडी तुझी आहे, नाही म्हणायचा हक्क तुझा आहे आणि तो वापरायला लाजू नकोस. त्याआधी स्वतःचं जॅकेट घाल. तांडेलाच्या अंगात जॅकेट नसलं तर पाहुणे घालत नाहीत, आणि पडायची वेळ सर्वांत आधी सुकाणूवर उभ्या असलेल्याचीच येते.

आता जॅकेट कसलं घ्यायचं ते. बाजारात नारिंगी रंगाचं काहीही मिळतं. लेबल वाच. त्यावर न्यूटनचा आकडा असतो. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन उचलण्याची ताकद. पाण्यात बुडालेल्या माणसाला वर ठेवायला चार-पाच किलोचा आधार पुरतो, कारण बाकीचं वजन पाणीच झेलतं. ५० न्यूटनचं जॅकेट कयाकवाल्यांचं. ज्याला पोहता येतं, जो काठाजवळ आहे आणि मदत हाताशी आहे, त्याच्यासाठी. ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर करत नाही. खाडीत पाहुण्यांसाठी १०० न्यूटनच्या खालचं घेऊ नकोस. समुद्रात बाहेर जायचं तर १५० चं घे. ते पालथ्या पडलेल्या माणसालाही उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवील अशा बेताने बनवलेलं असतं. फुगवायची जॅकेटं पाहुण्यांना देऊ नकोस, लहान मुलांना आणि न पोहणाऱ्यांना तर नाहीच. फोमचं साधं जॅकेट बरं, त्यात काही फुगवावं लागत नाही.

माप बघायची रीत अशी. जॅकेट घालून पट्टे आवळ, माणसाला दोन्ही हात वर करायला सांग आणि मागून खांद्याला धरून जॅकेट वर ओढ. ते हनुवटीच्या, कानांच्या वर सरकलं तर सैल आहे किंवा मोठं आहे. मग एकदा कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि तोंड पाण्याबाहेर राहतं का बघायचं. हे भर उन्हात, हसत-खेळत, काठाशी करून घ्यायचं. मुलांना मजाही वाटते आणि जॅकेट कसं उचलतं याची अंगाला ओळख होते. तीच ओळख पुढे घाबरू देत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. मुलाला मुलाच्याच वजनाचं जॅकेट हवं, मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, मानेमागे कॉलर आणि ती धरायला मूठ हवी. मोठ्याचं जॅकेट मुलाच्या गळ्यात घातलं तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि हात वर झालेलं मूल खालून निसटून जातं. दिसायला मात्र फोटोत सगळं नीट दिसतं. दंडाला लावायचे फुगे, कमरेची ट्यूब ही तलावातली खेळणी आहेत. आणि आईने स्वतःच्या जॅकेटमध्ये बाळ आवळून बसायचं नाही, त्यात दोघंही गुंततात.

साडी किंवा ओढणी असेल तर पदर खोचून, ओढणी काढून, सगळ्या कपड्यांच्या वरून जॅकेट. खांद्यावरची पिशवी जॅकेटवर तिरपी अडकवायची नाही. आत्याबाई रुसतील, रुसू देत.

जॅकेटची निगा ठेव. त्यावर बसायचं नाही, उशीसारखं डोक्याखाली घ्यायचं नाही, फोम दबून जातो. खाऱ्या पाण्याने भिजलं की गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. कापडाचा रंग उडाला, शिवण उसवली, बकलचा दात मोडला, की ते बाद. बाद झालेलं जॅकेट कापून टाक, नाहीतर गर्दीच्या दिवशी कुणीतरी तेच अंगात चढवतो. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधलेली हवी. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाऱ्यावरही ऐकू जाते.

इंजिनासोबत लाल रंगाची गुंडाळलेली दोरी आली असेल. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरं तुझ्या मनगटाला किंवा जॅकेटला. तू पाण्यात पडलास की बटण सुटतं आणि इंजिन बंद होतं. ती नसली तर रिकामी होडी गोल गोल फिरत तुझ्याच अंगावर येते, पंख्यासकट. अमेरिकेत २६ फुटांच्या आतल्या होड्यांवर १ एप्रिल २०२१ पासून ही दोरी बांधणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडे बहुतेकांची ती खोक्यातच पडून असते. तुझी मात्र बांधलेली दिसू दे. पाण्यातल्या माणसाला वर घेताना इंजिन न्यूट्रलला ठेवून भागत नाही, बंदच करायचं. पेट्रोल भरायचं ते धक्क्याला, माणसं उतरवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. भुकटीचा अग्निशामक इंजिनाच्या शेजारी नको, तिथे आग लागली तर हात पोचणार नाही. तो पुढे ठेव.

बाकीचं सामान: दोन वल्ही, नांगर आणि त्याला पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी दोर, पाणी उपसायचं भांडं, दोरी बांधलेली लाइफबॉयची रिंग, टॉर्च, पिण्याचं पाणी, आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. कोणी पडलं तर आधी रिंग किंवा दोर टाकायचा, वल्हं पुढे करायचं, झाकण लावलेला रिकामा कॅनही चालतो. मागोमाग उडी घेऊ नकोस. बुडणारा माणूस जे मिळेल त्यावर चढतो, मग एकाचे दोन होतात.

होडीवर किती माणसांची परवानगी आहे ते पाटीवर असतं. मांडीवरचं मूलही एक धरायचं. डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला धावतात, म्हणून निघण्याआधीच सांगून ठेव: बसल्या जागी बघायचं. तुझ्यासारखी उघडी होडी सोडून कधी छप्पराच्या लाँचने जायची वेळ आली तर उघड्या कडेजवळ बसा. अंगातलं जॅकेट वर उचलतं, आणि उलटलेल्या होडीत वर छप्पर नाही तर तळ आलेला असतो. आधी बाहेर, मग वर. दारू होडीत चढणार नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

भरतीचा हिशेब पाठ कर. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती, म्हणून नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. मुंबईकडे हे बरंच जुळतं, गोव्याकडे जावं तशी भरती थोडी आधी लागते, तेव्हा खात्रीला भरतीचं छापील कोष्टक बघ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ सर्वांत जोराची, अष्टमीच्या भांगात कमी. आणि खाडीच्या मुखाशी जपून. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बघ, ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समोरून वारा लाट आत ढकलत असतो. दोघांच्या झटापटीत लाट उभी राहते. लहान होडी तिथे आडवी सापडली की उलटते. सकाळी मतलई वारा असतो तोवर फिरून घ्यायचं. दुपारी खारा वारा चढला की खाडीतच राहायचं. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा इशारा फोनवर बघायचा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी नांगराला. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बाहेर पडायचंच नाही, त्यात चर्चा नाही.

आणि उलटलीच तर? होडी सोडायची नाही. उलटी झालेली होडी सहसा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते. काठ दिसतो त्याहून लांब असतो. सगळ्यांनी एकमेकांना धरून होडीला चिकटून राहायचं, मुलं मध्ये, आणि शिट्ट्या. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, नाहीतर ११२. आज फोनमध्ये भरून ठेव. त्याहून महत्त्वाचं, निघताना घरी एकाला सांगून जा: किती माणसं, कुठवर, परत किती वाजता. वेळ टळली तर त्याने वाट न बघता फोन करायचा.

कागदांचं थोडक्यात. खाडी-नदीतल्या यंत्राच्या होड्यांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, १९१७ च्या जुन्याच्या जागी तो आला. नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, विमा, जीवरक्षक सामान, सगळं त्यात आहे. मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कचेरीत स्वतः जा, एजंट नको. तिथले लोक होडी बघताना काय काय तपासतात ते शेजारी उभं राहून पाहा.

धाकट्या दोघांच्या मापाची जॅकेटं अजून आणली नाहीस असं ताई म्हणाली. ती आधी आण. तोवर ती दोघं होडीत बसणार नाहीत.